बीरगावचा आवाज

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की भनपुरीच्या पुढे बीरगाव येतं. इथे आता नगर निगम आहे, महापौर आहे, तरी बोलताना आम्ही गावच म्हणतो. गावाला लागून उरला औद्योगिक क्षेत्र आणि त्याच्या पुढे सिलतरा. उरला हे नाव मराठी कानाला गमतीचं वाटतं. नागपूरहून पहिल्यांदा आलेला पाहुणा हमखास विचारतो, "कोण उरला?" त्याचं उत्तर गच्चीवर मिळतं. सकाळी झाडलेल्या गच्चीवर संध्याकाळी अनवाणी फिरलं तर तळपाय काळे होतात. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांतून आणि कोळशाच्या ढिगांवरून उडणारी ही धूळ दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, तलावाच्या पाण्यावर रोज उरते.

धुळीबद्दल सगळे बोलतात. आवाजाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, कारण तो पुसून दाखवता येत नाही. सरकारी नियमाप्रमाणे औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलपर्यंत आवाज चालतो, आणि राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५. आमच्याकडे हे दोन्ही भाग एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहेत. भिंतीला हे आकडे कोणी सांगितलेले नाहीत. रात्रभर ट्रेलर जातात, उरकुऱ्याकडून मालगाड्या येतात, कुठेतरी भंगाराचा ट्रक रिकामा होतो, आणि या सगळ्याच्या खाली रोलिंग मिलचा ठेका चालू असतो. बीरगावात जन्मलेली मुलं त्या ठेक्यात शांत झोपतात. मिल बंद पडली की मात्र दचकून उठतात.

मी अशाच एका मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं काम करतो आहे. वडील रेल्वेत होते, भंडाऱ्याहून रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी नागपूरला धातुशास्त्र शिकलो आणि परत आलो. आमच्या मिलमध्ये बांधकामाच्या सळया तयार होतात, ज्यांना इकडे सरिया म्हणतात. साधारण बाराशे अंशाला तापवलेलं लोखंडाचं बिलेट भट्टीतून बाहेर येतं आणि रोलांमध्ये शिरतं. शिरताना धाड असा आवाज होतो. मग ते पुढे जातं, मागे येतं, पुन्हा पुढे जातं, प्रत्येक फेरीत बारीक आणि लांब होत जातं. आमच्या जुन्या स्टँडवर अशा सात फेऱ्या होतात. दोन्ही बाजूंना सांडशी घेऊन माणसं उभी असतात. ती पेटलेल्या सळईचं तोंड पकडतात आणि पुढच्या खाचेत घालतात. सात फेऱ्या, मग क्षणभर काहीच नाही, मग कातर पडते. नवा माणूस डोळ्यांनी काम करतो. जुना माणूस कानांनी करतो, कारण सळई वाकडी निघणार असेल तर तिचा आवाज आधी बदलतो.

याच कानांची तपासणी गेल्या वर्षी झाली. दोन्ही कानांच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या जवळ रेघ विहिरीत पडावी तशी खाली गेलेली होती. आवाजात काम केलेल्या माणसाची ही खूण असते, आणि ती कुठल्याही देशातल्या कुठल्याही कारखान्यात सारखीच दिसते. अशा माणसाला ऐकूच येत नाही असं नसतं. मोठे, खालचे आवाज नीट येतात, वरचे बारीक आवाज गळतात. बोलण्यातले स, श, फ आधी जातात. बायको "सात वाजता या" म्हणाली की "आठ वाजता" म्हणाली हे मला तिच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. पक्षी तर मी कधीचेच ऐकलेले नाहीत. ते आहेत, हे मला दिसतं.

अशा माणसाला ताईने रॉक बँड ऐकायला पाठवलं.

कारण असं होतं. भाचा सव्वीस वर्षांचा. सिलतऱ्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो केमिस्ट आहे. दिवसभर स्पंज आयर्नचे नमुने तपासतो आणि संध्याकाळी गिटार वाजवतो. लहानपणी चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीत पेटी वाजवायचा, तेव्हा ताई पुढच्या रांगेत बसायची. गिटार आली तेव्हा ती मागच्या रांगेत गेली, आणि बँड पबमध्ये वाजवायला लागला तेव्हा तिने जाणंच बंद केलं. आता त्याला ओडिशातल्या एका पोलाद कारखान्याकडून नोकरीचं पत्र आलं होतं. पगार दीडपट, राहायला क्वार्टर. सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि तो काहीच बोलत नव्हता. ताई मला म्हणाली, "तू मामा आहेस, तुझं ऐकेल. शनिवारी जाऊन बघ एकदा काय दिवे लावतोय ते, आणि सांग त्याला."

शनिवारी संध्याकाळी मी गाडी काढली. मागच्या सीटवर दोन अ‍ॅम्प्लिफायर, डिकीत तारांच्या गुंडाळ्या, आणि पुढे माझ्या शेजारी भाचा, मांडीत गिटार उभी धरून. मिलमधून मी नारिंगी फोमच्या कानबोळ्यांचं एक पाकीट आणलं होतं. ते त्याच्या हातात दिलं तर हसला. म्हणाला, "मामा, तुम्ही पहिले पाहुणे जे आहेर घेऊन आले."

फाफाडीहपर्यंत ट्रक आमच्या बरोबर होते. तिथून पुढे शहर सुरू होतं आणि त्याबरोबर आवाजाची जात बदलते. वाटेत मी त्याला विचारलं, हे तुमचं संगीत इतकं जड का असतं? मला वाटलं चिडेल, पण त्याने मला एक गोष्ट सांगितली. ती तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे लोखंडाच्या कामाचं शहर. १९६५ मध्ये तिथल्या पत्र्याच्या एका कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा वेल्डिंगचं काम करायचा आणि रात्री गिटार वाजवायचा. एका बँडबरोबर युरोपात जायचं ठरलं, म्हणून त्याने नोकरी सोडली. तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं, पण आईने बजावलं की घेतलेलं काम पुरं करायचं. परत गेला. यंत्रावरचा माणूस त्या दिवशी आला नव्हता म्हणून त्याला तिथे उभं केलं, आणि यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा होता, म्हणजे तारा दाबायचा हात उजवाच. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. मग कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेला हा माणूस जगातल्या मोठ्या गिटारवादकांपैकी एक होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दुखायच्या म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे तारांचा ताण आणखी कमी व्हावा म्हणून त्या सैल केल्या. ताण कमी झाला की सूर खाली जातो. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या तिसऱ्या रेकॉर्डपर्यंत ब्लॅक सॅबाथ या त्याच्या बँडचा सूर काही गाण्यांत तीन अर्धस्वर खाली आला होता. आज जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याचा तो जडपणा बराचसा तिथून आला आहे.

"त्यांचा गायक," भाचा म्हणाला, "गाडीच्या हॉर्नच्या कारखान्यात होता. हॉर्नचा सूर लावायचं काम." हा गायक म्हणजे ऑझी ऑस्बर्न. ५ जुलै २०२५ ला ते चौघे बर्मिंगहॅममध्ये, जिथे वाढले त्याच अ‍ॅस्टन भागातल्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचं वाजवायला एकत्र आले आणि २२ जुलैला ऑझी गेला. त्या रात्री भाच्याच्या बँडने सिलतऱ्यात एका मित्राच्या गोदामात ही गाणी वाजवली होती. ऐकायला गोदामाचा चौकीदार तेवढा होता.

मी मेटल हा शब्द आयुष्यभर वापरत आलो आहे, पण तो वेगळ्या रजिस्टरात लिहितो. त्या दोन रजिस्टरांचं मूळ एकाच कारखान्यात असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या हॉस्टेलवर मुंबईचा एक मुलगा होता. त्याच्याकडे इंग्रजी बँडच्या कॅसेट असायच्या आणि तो धोबीतलावच्या रंगभवनच्या गोष्टी सांगायचा. तिथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक व्हायचं आणि रॉक मशीनसारखे आपल्याकडचे बँड वाजवायचे. हेच रॉक मशीन पुढे इंडस क्रीड झालं. आम्हा भंडारा-गोंदियाच्या मुलांना ते सगळं कॉन्व्हेंटवाल्यांचं वाटायचं. शेजारी दवाखाना आणि कॉलेज असल्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि २००३ मध्ये रंगभवनचे कार्यक्रम बंद झाले. बँड मग पबकडे वळले. त्यांतला नावाजलेला ब्लू फ्रॉग २००७ मध्ये लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात उघडला आणि २०१६ मध्ये मिटला. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या आवारात लोक पैसे देऊन मोठा आवाज ऐकायला येऊ लागले. त्याच गिरणगावाने एके काळी स्वतःचा आवाज स्वतः केला होता. १९४४ मध्ये निघालेलं लाल बावटा कलापथक, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर, चाळीचाळींतली भजनी मंडळं. दिवसभर मागाचा खडखडाट ऐकणाऱ्या माणसाला रात्री डफावर थाप मारावीशी का वाटते, हे मला लहानपणापासून न सुटलेलं कोडं आहे. बीरगावातही होळीच्या आधी महिनाभर पाळी संपवून आलेली माणसं नगारे घेऊन बसतात आणि फाग गातात. त्यांना शांत बसावंसं का वाटत नाही?

पहिला पब तेलीबांधा तलावाच्या बाजूला. तिथे जायचं कारण ड्रमवाला. तो दोन बँडमध्ये वाजवतो, एकाकडे मन आहे आणि एकाकडे पैसे. इथे आठ ते साडेनऊ सूफी रात्र होती. एक गायक, एक गिटार, आणि ड्रमवाला लाकडी खोक्यावर बसून त्याच्याच अंगावर हातांनी वाजवत होता. त्या वाद्याचं नाव कहोन. मला ते चांगलं वाटलं. खोकं असल्यामुळे असेल, खालचा आवाज भरलेला होता आणि माझ्यापर्यंत पोचत होता. गाणी सगळ्यांच्या ओळखीची, सिनेमातली. वेटर कागदी रुमालावर लिहिलेल्या फर्माइशी आणून देत होता. भिंतीवर क्रिकेट चालू होतं. कोणाचा तरी वाढदिवस होता तेव्हा कव्वाली मध्येच थांबवून वाढदिवसाचं गाणं झालं, केक कापला गेला, आणि कव्वाली जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू झाली. गायकाने ते इतकं सहज केलं की मला आमच्या मिलचा जुना फोरमन आठवला. तोही वीज गेली आणि आली की हातातला चहा खाली न ठेवता काम पुढे चालू करायचा.

मी शेजारच्या टेबलाकडे बघत होतो. सहा माणसं, कोणी स्टेजकडे बघत नव्हतं, पण गाणं संपलं की सहाही जण टाळ्या वाजवत होते. भाचा माझं बघणं बघत होता. म्हणाला, "मामा, इथे बँड म्हणजे एसीसारखा. चालू असला की कोणाला कळत नाही. बंद पडला की सगळे वर बघतात."

दुसरा पब विमानतळाकडे जाणाऱ्या व्हीआयपी रोडवर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. सामान जिन्याने वर न्यावं लागलं. अ‍ॅम्प्लिफायरचं एक टोक मी धरलं. दारावर एक दणकट माणूस उभा होता. काळा शर्ट, कानात वायर. माझे पांढरे केस आणि हातातलं वजन बघून तो गोंधळला आणि त्याने दुसरं टोक धरलं. बोलता बोलता कळलं की तो बीरगावचाच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. दिवसा एका मिलच्या फाटकावर आणि शनिवार-रविवारी इथे. बीरगावचं आणखी कोणी त्या खोलीत येण्याची शक्यता नव्हती. आत बसायचे जेवढे पैसे घेतात तेवढ्यात आमच्या सांडशीवाल्याची दोन दिवसांची मजुरी जाते.

चौघे स्टेजवर चढले. भाचा गिटारवर, ड्रमवाला आता खऱ्या ड्रमवर, बेसवर कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारा मुलगा, आणि गायला भिलाईची एक मुलगी. तिचे आजोबा भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा केरळातून आले होते. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, आणि ती पेटवायला देशाच्या कानाकोपऱ्यातून जी माणसं आली त्यांच्या घरांत आता तिसरी पिढी आहे. या चौघांत मिळून मराठी, मल्याळम, बंगाली, छत्तीसगढी इतक्या भाषा होत्या आणि आपसात ते रायपूरची हिंदी बोलत होते. मॅनेजरने अट सांगितली होती: पब्लिकच्या ओळखीची गाणी, आणि आपलं एखादं वाजवायचं असेल तर शेवटी. ड्रमवाल्याने माझ्याकडे बघून कानबोळे घातले. बाकी कोणी घातले नाहीत.

पहिला ठोका पडला आणि मी सवयीने फोनवर आवाज मोजला. १०३. हे मोजमाप काही प्रयोगशाळेतलं नव्हतं, पण अंदाजाला पुरेसं. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांप्रमाणे १०० डेसिबलमध्ये माणसाने दिवसातून दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. अमेरिकेतली याच विषयातली सरकारी संस्था पंधराच मिनिटं म्हणते. दोघांच्या हिशेबात आठपट फरक आहे. कान मात्र सगळीकडे एकाच मापाचे असतात. स्टेजवरची चार मुलं कुठल्याही हिशेबात बसत नव्हती. मी उठलो, स्टेजच्या कडेला गेलो आणि पाकिटातला एकेक जोड तिघांच्या पायाशी ठेवला. दोन गाण्यांनंतर बेसवाल्याने उचलला. चौथ्या गाण्यानंतर गायिकेने एकाच कानात घातला. भाच्याने शेवटपर्यंत उचलला नाही.

गाणी चालली होती. शब्दांचं माझ्यापुरतं म्हणाल तर नुसते स्वर येत होते, व्यंजनं गळत होती. झांजा हलताना दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. पण बेस आणि मोठा ड्रम छातीच्या मधल्या हाडावर येत होते. टेबलाच्या कडेवर हात ठेवला की तळव्यातूनही येत होते. माझ्याभोवतीची माणसं ओरडून बोलत होती, आणि एरवी घरात ज्या वाक्यासाठी मला दोनदा विचारावं लागतं ते इथे सगळ्यांनाच दोनदा विचारावं लागत होतं. कित्येक महिन्यांनी मी चारचौघांसारखा होतो.

साडेअकराच्या सुमारास गायिका म्हणाली की आता एक आमचं. समोरच्या टेबलावरून कोणीतरी दुसरंच गाणं मागितलं. तिने मान हलवली आणि मागे सरकली. या गाण्यात तिला फारसं काही नव्हतंच. ड्रमवर एक ठोका पडला. गिटार पुढे गेली, मागे आली. पुन्हा ठोका. पुढे, मागे. प्रत्येक वेळी गिटारचा सूर थोडा बारीक आणि लांब होत होता. मी मोजायला लागलो होतो हे मला तिसऱ्या फेरीला कळलं. चार. पाच. सहा. सात. आणि मग काहीच नाही. एका श्वासाएवढी जागा पूर्ण रिकामी. माझा उजवा हात टेबलावर आवळला गेला होता, कारण त्या जागेत काय येतं ते मला माहीत होतं. आणि ते आलं. चौघांनी एकदम, एकच आघात. कातर.

भाचा शिकत असताना सहा आठवडे आमच्या मिलमध्ये प्रशिक्षणाला होता. तेव्हा तो स्टँडजवळ वही घेऊन तासन् तास उभा असायचा. मला वाटायचं तापमान लिहितोय.

गाणं सात-आठ मिनिटं चाललं. दोन टेबलं उठून गेली. एका टेबलावर तिघं मुलं पुढे झुकून बसली होती, बाकी लोक फोनवर होते. मध्ये एकदा त्यांनी आठवी फेरी घेतली, जी आमच्याकडे होत नाही, आणि सळई खाचेतून सुटून वर उडाली की जे होतं ते गिटारवर झालं. पेटलेली सळई हवेत वेटोळी घेत असताना माणसं कशी पळतात हे मी पाहिलेलं आहे. तो आवाज मी अठ्ठावीस वर्षं सोसला. कधी कमी व्हावा, कधी थांबावा एवढंच त्याच्याबद्दल मनात यायचं. इथे तोच आवाज चार मुलांनी स्वतः केला होता. कुठे सुरू करायचा, कुठे अडवायचा, कुठे श्वासभर रिकामं सोडायचं, सगळं त्यांच्या हातात होतं. तो तुटला तरी त्यांनी ठरवल्यावर तुटत होता. डफ आणि नगाऱ्याच्या कोड्याचं एक उत्तर मला तिथे मिळालं. दिवसभर ज्याच्या हुकमात राहायचं तो आवाज रात्री एकदा आपल्या हुकमात घ्यावा, एवढंच असेल.

दारावरचा बीरगावचा माणूस आत डोकावला होता. तो माझ्या कानाशी वाकून छत्तीसगढीत म्हणाला, "ये तो मिल के अवाज आय गा. दिनभर उही, रात मा घलो उही." दिवसभर तेच आणि रात्रीही तेच, असं त्याचं गाऱ्हाणं होतं. पण तो आत्ताच ऐकायला आला नव्हता. गाणं सुरू झाल्यापासून दार सोडून तिथेच उभा होता. सातव्या फेरीनंतरच्या रिकाम्या जागेत त्याचा पाय हवेत थांबायचा आणि कातर पडली की खाली यायचा.

परतताना रस्ता मोकळा होता. चौघांत वाटून प्रत्येकाच्या हातात जे आलं होतं त्यात तारा आणि पेट्रोल निघालं असतं, फार तर एखादं जेवण. भाचा बराच वेळ बोलला नाही. भनपुरीपाशी म्हणाला, "आईने तुम्हाला सांगायला पाठवलं ना?"

मी म्हणालो, हो. आणि मग जे मला नक्की माहीत होतं तेवढंच सांगितलं. कानाच्या आत पेशींवर बारीक केस असतात. एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. आधी झांज जाते, मग स जातो, मग घरची माणसं तुझ्याशी मोठ्याने आणि कमी बोलायला लागतात. तू जे बनवलं आहेस ते ऐकायला तुला अजून चाळीस वर्षं कान लागणार आहेत. नोकरीचं मी काही बोललो नाही. आयोमीच्या गोष्टीतली आई माझ्या मनात होती. तिने वाईट काहीच सांगितलं नव्हतं. कोणतीही आई सांगते तेच सांगितलं होतं.

"आणि गाणं?" त्याने विचारलं.

"सातव्या फेरीनंतर तू जरा जास्त थांबतोस," मी म्हणालो. "मिलमध्ये एवढा वेळ मिळत नाही."

"म्हणूनच थांबतो," तो म्हणाला.

रविवारी ताईचा फोन आला. मी तिला सांगितलं की पोरगा दारूला हात लावत नाही, वेळेवर घरी येतो, आणि जे करतो ते काम आहे, टवाळी नाही. काम आहे म्हटल्यावर ती गप्प झाली. आमच्या घरात कामाला नाही म्हणत नाहीत. मग म्हणाली, "पण जायला सांगितलंस ना?" मी म्हणालो, ते त्याला ठरवू दे.

सोमवारी त्याने होकार कळवला आणि महिन्याभरात तो ओडिशाला गेला. ड्रमवाला आता फक्त सूफी रात्री वाजवतो. भौतिकशास्त्रवाल्याच्या क्लासची दुसरी शाखा निघाली आहे. भिलाईची मुलगी नवा गिटारवाला शोधते आहे. बँड मोडला असं कोणी म्हणत नाही. जुळेल पुन्हा, असं म्हणतात.

जायच्या आधी भाच्याने त्या गाण्याचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर टाकून दिलं. परवा ताई आली होती. तिला ऐकायचं होतं. मी हेडफोन दिले, आवाज कमी केला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत शेवटपर्यंत बसली. मग हेडफोन काढून म्हणाली, "यात शब्दच नाहीत."

"नाहीत," मी म्हणालो.

"मग तुला काय ऐकू येतं यातलं?"

मी तिला सांगितलं की हे एक मला पूर्ण ऐकू येतं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हेडफोन पुन्हा कानाला लावले आणि कुठलं बटण दाबायचं ते विचारलं.